पाऊस लागला की खुराड्यात मारामारी: दांडगी कोंबडी आणि नव्या तलंगा

जूनमध्ये पाऊस सलग चार दिवस लागून राहिला की आमच्या परसात रक्त दिसायचं. दोन वर्षं कारण एकच होतं, एक दांडगी कोंबडी. तिसऱ्या वर्षी कारण वेगळं निघालं, पण ते कळेपर्यंत मी त्याच कोंबडीला पुन्हा तुरुंगात टाकलं होतं. कोणाकडे असंच चालू असेल तर माझ्या चुका आधी वाचा, उपाय मागून.

घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. मागे पोरसू, म्हणजे परसबाग, आणि त्याच्या कडेला चिऱ्याचं कौलारू खुराडं, आतून सहा फूट बाय चार फूट. त्यात चार गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. मे महिन्याच्या शेवटी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, खरेदीला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जायचं, सुकी मासळी, मिरच्या, कोकम घ्यायचं आणि येताना पाटीत चार-पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणायच्या, अशी माझी सवय. पहिल्या वर्षी पाच आणल्या, दोन-अडीच महिन्यांच्या. पुरुमेंताबरोबर कोंबड्या आणणं हीच अर्धी चूक होती, हे मला दुसऱ्या वर्षी समजलं.

जुन्यांतली थोरली तांबडी. सासूबाई तिला भाटकारीण, म्हणजे जमीनदारीण, म्हणतात, कारण सगळं परसू आपल्या बापाचं असल्यासारखी ती चालते. नव्या आल्या त्या दिवशी तिने एकेकीला टोचून पाहिलं, पळवलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, झालं. आठवड्याने पाऊस आला, सगळी मंडळी आत कोंडली आणि भाटकारणीचं राज्य सुरू झालं. दाण्याच्या भांड्यापाशी ती उभीच. कोणी तलंग जवळ आली की मानेमागची पिसं धरून ओढायची, आणि ती पळाली तरी कोपऱ्यापर्यंत पाठलाग करायची. सर्वांत अशक्त जी होती, पांढऱ्या ठिपक्यांची, ती दिवसभर दांडीवरून खालीच उतरत नव्हती. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, हुसकावता येऊ नये म्हणून गोव्यात १९७५ साली कायदा झाला, पण खुराड्यापर्यंत तो काही पोचला नाही.

तेव्हा मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. जिला मार बसत होता ती ठिपकेवाली तलंग मी उचलली, पडवीत टोपलीखाली ठेवली, हळद-तेल लावलं, आठ दिवस चांगलं खाऊ घातलं आणि धडधाकट झाल्यावर परत सोडली. अर्ध्या तासात तिच्या डोक्यावर नवी जखम. मी पुन्हा उचलली. तीन वेळा असं केलं आणि तिन्ही वेळा मार आधीपेक्षा जास्त बसला.

असं का झालं ते समजायला थोडा हिशेब करावा लागतो. कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचणार याची उतरंड असते. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे या माणसाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून ही गोष्ट १९२१ च्या सुमारास शास्त्रीय भाषेत मांडली, पण ज्याच्या दारात कोंबड्या आहेत त्याला ती दिसतेच. उतरंड म्हणजे एक लांबलचक रांग नव्हे, प्रत्येक जोडीचा आपसात झालेला निवाडा असतो. आमच्या जुन्या पाच जणांत अशा दहा जोड्या होत्या, सगळे निवाडे झालेले. नव्या पाच आल्या, त्यांच्या आपसातल्या आणखी दहा. पण जुन्या आणि नव्या यांच्यामधल्या पंचवीस जोड्या एकदम उघड्या पडल्या. रोज थोडं टोचून, थोडं माघार घेऊन त्या पंचवीस खटल्यांचा निकाल लागत असतो. मी ठिपकेवालीला आठ दिवस बाहेर काढलं, म्हणजे तिचे नऊच्या नऊ खटले पुन्हा पहिल्या तारखेला नेऊन ठेवले. आणि परत गेली ती एकटी, पाहुणी म्हणून. इतर चौघी तोवर जरा स्थिरावल्या होत्या, त्यामुळे त्याही तिला टोचायला लागल्या. दया मी केली आणि मार तिने खाल्ला.

म्हणून पहिली गोष्ट: रक्त आलं असेल किंवा पक्षी खातच नसेल तरच मार खाणारीला बाहेर काढा. काढली तरी तिच्याबरोबर तिची एखादी जोडीदारीण घ्या आणि दोघींना जाळीच्या पलीकडे ठेवा, बाकीच्यांना दिसतील अशा. नजरेआड केली की ती परकी होते.

आता, प्रत्येक टोचणी म्हणजे छळ नाही. सकाळी दार उघडल्यावर अर्धा तास नुसतं बसून बघा, मध्ये पडू नका. एक टोच मारली, समोरची दोन पावलं सरकली आणि मारणारी आपल्या दाण्याकडे वळली, तर तो नेहमीचा कारभार आहे. त्यात ढवळाढवळ केली तर निवाडा लांबतो. मी झाडू घेऊन भाटकारणीच्या मागे लागायचे, त्याने एवढंच झालं की ती मी नसताना टोचायला शिकली. पळून गेलेलीचा पाठलाग करून कोपऱ्यात दाबणं, पाण्यावर पहारा देणं, पिसं उपटणं हा मात्र छळ.

आणखी एक तपासणी मला फार उपयोगी पडली. रात्री दांडीवर बसल्यावर प्रत्येक तलंगेच्या छातीवर, गळ्याखाली उजव्या अंगाला हात लावून बघायचा. तिथे दाण्याची पिशवी असते. दिवसभर पोटभर खाल्लेल्या पक्ष्याची पिशवी लिंबाएवढी भरलेली लागते. ठिपकेवालीची रिकामी, चपटी होती. भांड्यात दाणे उरले म्हणजे सगळ्यांनी खाल्लं असं मी समजत होते, ते चूक. भांड्यात दाणे उरतात कारण तिथवर कोणाला येऊ दिलेलं नसतं.

पिसं कुठली गेली आहेत तेही बघा. डोक्यावर आणि मानेमागे जखमा असतील तर ती मारामारी. पाठीच्या मधोमध आणि पंखांच्या मुळाशी टक्कल असेल तर ते बहुधा कोंबड्याचं काम, त्यासाठी कोंबडीला शिक्षा देऊ नका. शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या बाजूला पिसं जात असतील तर उवांसारखे किडे, खाण्यातली उणीव किंवा पिसं ओढण्याची सवय, यांतलं काहीतरी. हे तिसरं मला माहीत असतं तर तिसरं वर्ष सुखात गेलं असतं. त्याकडे येतेच.

दुसऱ्या वर्षी मी टेप घेऊन खुराडं मोजलं. चोवीस चौरस फूट. परसातल्या कोंबडीला आत साधारण चार चौरस फूट तरी लागतात, म्हणजे जागा सहा जणांची आणि आम्ही दहा जण कोंबले होते. एप्रिल-मे महिन्यांत हे जाणवत नव्हतं, कारण दिवसभर सगळ्या माडांखाली, शेणकीच्या (शेणाच्या ढिगाच्या) आसपास उकरत हिंडायच्या. पावसात तेच चोवीस फूट म्हणजे सगळं जग. पळायला जागाच नसेल तर हरलेली माघार तरी कशी घेणार? कोंबड्यांच्या जगात माघार म्हणजे नजरेआड होणं. तलंग कोपऱ्यात गेली आणि तिथूनही दिसत राहिली की भाटकारणीच्या लेखी ती अजून उभीच.

तेव्हा खुराड्याला लागून आठ फूट बाय सहा फूट पत्र्याची उतरती काढली, तीन बाजूंना जाळी, पावसाच्या बाजूला प्लास्टिक आणि त्यावर झावळ्या. खाली आधी चिऱ्याची माती भरून उंची केली, वर भाताचं तूस. ओल राहिली तर पिलांना रक्ती हगवण लागते, म्हणून तूस दर दोन-तीन दिवसांनी वरखाली करते आणि भिजलेलं काढून माडाच्या आळ्यात टाकते. एकूण जागा बहात्तर फूट झाली. अर्धी मारामारी तिथेच संपली. खर्च झाला, नाही असं नाही, पण दर वर्षी दोन तलंगा मरू देण्यापेक्षा कमी.

आत आडोसे केले. भिंतीला तिरप्या टेकवलेल्या झावळ्या, पालथा घातलेला फुटका करंडा, एक जुनं फळकूट उभं करून. प्रत्येक आडोशाला दोन्हीकडून वाट हवी, हे लक्षात ठेवा. एकाच तोंडाचा आडोसा म्हणजे सापळा. करंड्याला मी आधी एकच भोक ठेवलं होतं आणि भाटकारीण त्या भोकाशी मांजरासारखी बसून राहिली.

दाण्याची भांडी तीन केली, पाण्याची दोन. ती अशी ठेवली की एका भांड्यापाशी उभं राहून दुसरं दिसणार नाही. शेजारी शेजारी दहा भांडी ठेवली तरी एक कोंबडी सगळ्यांवर राज्य करते. शिवाय जाळीत एका ठिकाणी पाच इंच रुंदीची फट ठेवली. तलंगा त्यातून पलीकडे जातात, तिथे त्यांचं वेगळं भांडं असतं, आणि भाटकारणीचं अंग त्यातून जात नाही. ती डोकं घालते, अडकते, चिडते. फट किती ठेवायची ते तुमच्या पक्ष्यांच्या अंगावर ठरवा, आधी एक दिवस समोर बसून बघा.

दांडीचंही असंच. एका पक्ष्याला आठ इंच धरले तरी दहा जणांना ऐंशी इंच लागतात आणि आमची एकच दांडी सहा फुटांची, म्हणजे बहात्तर. संध्याकाळी जी शेवटची, ती खाली. मी दुसरी दांडी लावली, पण आधीच्यापेक्षा वर, आणि मग वरच्या दांडीसाठी नवं युद्ध. दोन्ही एका उंचीवर आणल्यावर शांतता झाली.

हे सगळं होईपर्यंत आषाढ सरला. शेजारच्या आजींचा उपाय पहिल्या दिवसापासून एकच होता, शागोती, म्हणजे कोंबडीचं मसालेदार कालवण. सासूबाईंचंही मत त्या बाजूला झुकत चाललं होतं. तेवढ्यात श्रावण लागला, घरात शिवराक (शाकाहार) सुरू झालं आणि ‘चवथ (गणेश चतुर्थी) होऊ दे, मग बघू’ यावर प्रकरण थांबलं. त्या मुदतीत मी भाटकारणीला तुरुंगात टाकून पाहिलं.

हा उपाय मार खाणारीला काढण्याच्या बरोबर उलटा. मारणारीला काढायचं, नजरेआड, आवाजही कमी पोचेल अशा ठिकाणी. आम्ही तिला मांगरात, म्हणजे घरापासच्या कोठारात, जुन्या पिंजऱ्यात ठेवलं, दाणापाणी नेहमीसारखं, अंधार नाही, उपास नाही. चार दिवस. या चार दिवसांत बाकीचे आपली उतरंड तिच्याशिवाय जुळवतात. दुसऱ्या दिवशीच ठिपकेवाली जमिनीवर उतरून खाऊ लागली, रात्री पिशवी भरलेली. पाचव्या दिवशी दुपारी, सगळ्या खाण्यात गुंतलेल्या असताना, भाटकारणीला आणून सोडलं. आता पाहुणी ती होती. काबऱ्या कोंबडीने पिसं फुलवून तिला अडवलं, दोन उड्या झाल्या आणि भाटकारीण चक्क बाजूला झाली. महिन्याभरात तिने आपली जागा बऱ्यापैकी परत मिळवली, ते होणारच. पण तोवर तलंगा अंगाने भरल्या होत्या आणि तिच्या नजरेतून निसटायच्या वाटा शिकल्या होत्या. एक-दोन दिवस ठेवून काही होत नाही, जुनी गादी तशीच मिळते. चारपाच दिवस हवेत. परत सोडल्यावर पहिला तास मात्र तिथून हलू नका.

रात्री अंधारात नव्या तलंगा हळूच दांडीवर नेऊन ठेवायच्या, सकाळी जुन्यांना कळतच नाही, असंही सांगतात. मी करून पाहिलंय. कोंबड्यांना अंधारात दिसत नाही, म्हणून रात्र शांत जाते, पण सकाळी त्यांना चेहरे बरोबर कळतात. आधी आठ-दहा दिवस जाळीआडून ओळख झालेली असेल तर ही युक्ती चालते, नाहीतर मारामारी फक्त बारा तास पुढे ढकलली जाते. आता मी तलंगा एप्रिलच्या सुरुवातीला आणते. आधी तीन आठवडे घराच्या दुसऱ्या अंगाला, कारण बाजारातला पक्षी रानीखेत हा साथीचा रोग घेऊन येऊ शकतो, मग दहा दिवस जाळीच्या पलीकडे, मग मोकळ्या परसात एकत्र. पाऊस येईपर्यंत बहुतेक खटले निकाली निघालेले असतात. आणि एकटी तलंग कधीच नाही, निदान तीन.

खाण्याबद्दल थोडं. पावसात आम्ही उरलेलं शीत आणि कोंडा यांच्यावर दिवस काढायचो. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच बनलेली असतात, ती खाण्यात कमी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसं ओढून खातात. बाजारात अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मिळतं, पण त्यात चुना (कॅल्शियम) जास्त असतो आणि अठरा आठवड्यांच्या आतल्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना तो बाधतो. म्हणून कळप मिश्र असेल तर सगळ्यांना वाढीचं खाद्य द्यावं आणि तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांची कवचं भाजून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवावीत. जिला हवीत ती खाते. सुंगटांची (कोळंबीची) डोकी उकडून दिली तर उत्तम. सुकी खारी मासळी मात्र देऊ नका, एवढं मीठ कोंबड्यांना विषासारखं आहे. पेंड द्यायची तर वास घेऊन द्या, जुलैत तिला बुरशी चढते. कंटाळा हेही टोचण्याचं एक कारण असतं, त्यावर तांबड्या भाजीची जुडी डोक्याच्या उंचीवर टांगली की तासभर सगळ्या तिच्यावर उड्या मारत राहतात.

रक्त आलं तर उशीर नको. लाल दिसलं की गरीब स्वभावाची कोंबडीही टोचते, आणि एकदा चव लागली की थांबवणं कठीण. जखम धुऊन हळद आणि खोबरेल लावलं की लाली झाकली जाते. पावसात माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून दिवसातून दोनदा बघा, खोल असेल तर थेट गुरांच्या दवाखान्यात न्या.

तिसरं वर्ष. जागा होती, भांडी होती, तलंगा एप्रिलमध्ये आणलेल्या. तरी जुलैत दोघींच्या शेपटीच्या मुळाशी टक्कल. मी काही न बघता भाटकारणीला उचलून मांगरात ठेवलं. तीन दिवस झाले, पिसं जातच राहिली. ती आत होती, तर मग टोचत कोण होतं? शिवाय संध्याकाळी तलंगा खुराड्यात शिरायला तयार होत नव्हत्या, दारात घुटमळायच्या, आणि त्यांचे तुरे फिके पडले होते. हेही मी भाटकारणीच्या नावावर लिहून टाकलं होतं.

रात्री दहाला बॅटरी घेऊन गेले. दांडी बांबूची होती, एका टोकाला चिरलेली. त्या चिरेतून खसखशीएवढे, रक्त पिऊन लाल झालेले बारीक किडे (तांबडे माइट) रांगेने वर येत होते. दिवसा हे फटींत लपतात, पक्ष्याच्या अंगावर सापडतच नाहीत, म्हणून दुपारच्या तपासणीत मला कधी दिसले नाहीत. कोरड्या दिवसांत कोंबड्या धुळीत लोळून अंग साफ ठेवतात. पावसात सगळा चिखल, धूळ आणायची कुठून? किड्यांनी बेजार होऊन तलंगा आपली आणि एकमेकींची पिसं उपटत होत्या.

बांबू जाळला. जागी तासलेली, फटी नसलेली लाकडी दांडी आली. भिंती उकळत्या पाण्याने धुऊन चुना काढला आणि पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून नवे किडे निघतात म्हणून आठवड्याने पुन्हा तेच केलं. पत्र्याखाली एका जुन्या टायरमध्ये चाळलेली कोरडी रेती आणि चुलीची राख भरून ठेवली. त्या टायरवर पहिला हक्क अर्थातच भाटकारणीचा. ती निवांत लोळून उठते, अंग झाडते आणि मग दुसरीला येऊ देते.

यंदा ती खुडूक झाली आहे, रवणाला (अंडी उबवायला) बसून आज बारावा दिवस. खाली नऊ अंडी, त्यांतली चार ठिपकेवालीची. भाटकारणीच्या जागेवर तलंगा खुशाल खातायत आणि काबरी पुढारीण झाली आहे. नऊ दिवसांनी पिल्लं घेऊन भाटकारीण खाली उतरेल तेव्हा समोर येईल त्याच्यावर धावून जाईल, पण ते आईपण आहे, त्यात मी पडणार नाही. जाळी तेवढी आत्ताच बांधून ठेवली आहे.